मुठीतल्या अक्षता

१

अक्षता घेतल्यात ना हातात? मग ऐका.

नऊ वर्षांपूर्वी अंगारकीच्या रांगेत तीन तास उभं राहून मंदाकिनीने कसब्याच्या गणपतीला एक नवस केला होता. तो मुलीसाठी नव्हता. तनया लग्न होऊन नाशिकला सुखात होती. घरासाठीही नव्हता, वारज्यात तिसऱ्या मजल्यावर स्वतःचा फ्लॅट होता. मागणं एवढंसंच होतं: "देवा, यांनी एकदा माझा चेहरा काढावा. एकदाच. पाच सवाष्णी जेवू घालीन, आणि तोवर श्रावणात रोज सकाळी कहाणी वाचीन, एक दिवस चुकवणार नाही."

देवालाही नवल वाटलं असेल. कारण तिचे यजमान श्रीधर गानू जन्मभर चेहरेच काढत होते. पुण्यातल्या कितीतरी सभागृहांत, दिवाणखान्यांत त्यांनी तैलरंगात केलेली मोठी माणसं भिंतीवर बसून होती. चित्र बघून माणूस ओळखायचा असं नव्हे, चित्र बघितल्यावर तो माणूस खरा कसा आहे ते कळायचं, असं लोक म्हणत. गानू स्वतः म्हणत, "लोकांना काय कळतंय!"

त्यांची एक रीत होती. मोठी माणसं दोन बैठका देत, त्यात चेहरा व्हायचा. पण हातांना आठवडा लागतो. एवढा वेळ कोण देणार? "मोठ्या माणसांना चेहरा असतो, वेळ नसतो," असं म्हणून गानू हातांसाठी मंदाकिनीला बसवत. अंगठी असली तर अंगठी घालून, काठी असली तर काठी धरून. कुलगुरूंचे हात मंदाकिनीचे, सर्जनचे हात मंदाकिनीचे, दोन न्यायमूर्तींचेही तिचेच.

"तुझे हात पुरुषी आहेत," गानू म्हणत. "देवाने तेवढी एक सोय केली माझी."

"आणि चेहरा?" तिने लग्नानंतर वर्षभरात एकदा विचारलं होतं.

"त्यात काढण्यासारखं काय आहे? पोळपाट काढल्यासारखं होईल."

ती हसली होती. हसून सोडून दिलं होतं. पण बायका सोडून देतात म्हणजे पदराच्या गाठीला बांधून ठेवतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

२

नवसाच्या सातव्या श्रावणात हिंमतराव आले. एका शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष, राहायला कसबा पेठेत, पंचाहत्तरी जवळ आलेली. खुर्चीवर बसताना त्यांनी आधी खुर्चीकडे पाहिलं, ती आपल्या तोलाची आहे का म्हणून.

"हसायचं का गानूसाहेब?"

"जमणार असेल तर हसा."

"डाव्या बाजूने काढा. डावी बाजू माझी चांगली येते."

"चांगली कुठून काढू? समोर असेल ते काढतो."

घरातल्याच स्टुडिओत दोन बैठका झाल्या. हिंमतराव जिना उतरून गाडीत बसायच्या आत गानू म्हणाले, "या माणसाच्या तोंडावर तीनच गोष्टी आहेत. मिशी, मिशी आणि दुसऱ्याची खुर्ची." पण चेहरा असा उतरला होता की मंदाकिनीला त्याच्यासमोर पदर सावरावासा वाटला.

मग हातांचे दिवस सुरू झाले. उत्तरेच्या खिडकीचा उजेड सकाळी आठ ते दहा चांगला, आणि नेमकी तीच तिची कहाणीची वेळ. ती अक्षतांचे सात दाणे डाव्या मुठीत धरायची, हिंमतरावांची काठी उजव्या हातात घ्यायची आणि ओठांतल्या ओठांत कहाणी म्हणायची.

"मूठ उघड."

"कहाणी संपली की उघडते."

"देव बहिरा आहे का गं, रोज तीच ऐकायला?"

"ऐकणारा कंटाळला तर त्याने सांगावं. अजून काही बोलला नाही."

गानूंनी ब्रश दातांत धरून तिच्या मुठीकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नाही. "राहू दे बंदच. मूठ बंद असली की लोकांना वाटतं, आत काहीतरी आहे. अध्यक्षांच्या बाबतीत तेवढा गैरसमज बरा."

सातव्या दिवशी कहाणी मध्यावर असतानाच ते म्हणाले, "झालं. ऊठ, चहा टाक." उठवलं तर उठायला हवं. तिने स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून उरलेली कहाणी पुरी केली आणि देवाच्या तसबिरीपुढे मूठ उघडली.

मूठ रिकामी होती.

दाणे तिने मोजून घेतले होते. ओच्यात पाहिलं, खुर्चीखाली पाहिलं, स्टुडिओतली फरशी पदराने पुसून काढली. एक दाणा सापडला नाही. पण मूठ सैल झाली असेल, चालताना सांडले असतील, मुंग्यांनी नेले असतील. साठीत हे असंच व्हायचं. नव्या सात दाण्यांवर तिने वेळ निभावली.

३

नंतरच्या आठवड्यात गॅसच्या दुकानात अंगठा द्यायला बोलावलं होतं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काकू, हात पुसा."

"पुसलाय गं."

"दुसरा अंगठा द्या. तर्जनी द्या. आता ही." दहाही बोटं झाली. त्या मुलीने तिचा हात हातात घेऊन उलटासुलटा केला आणि जरा घाईनेच सोडला. "काकू, तुमच्या बोटांवर काही नाहीच आहे."

रांगेतली एक बाई म्हणाली, "भांडी घासून घासून जातात हो रेषा. माझ्या आईच्या गेल्या होत्या." त्या एका वाक्यावर मंदाकिनी घरापर्यंत आली.

घरी खिडकीशी उभं राहून तिने तळहात पाहिला. बोटांवरच्या रेषा गेल्या होत्या, ठीक. पण तळहातावरच्याही गेल्या होत्या. लहानपणी जोशीबुवांनी लांबलचक म्हणून सांगितलेली आयुष्याची रेषासुद्धा. पाण्यात राहिलेल्या साबणाच्या वडीसारखा तो हात, मऊ, गुळगुळीत, कोणाचाही.

"अहो, बघा ना जरा."

गानू हिंमतरावांचं चित्र बांधून देत होते. रंग पुरता सुकलाही नव्हता, पण पंचाहत्तरीचा मुहूर्त गाठायचा होता. वर न बघता म्हणाले, "पस्तीस वर्षं माझ्यापुढे बसून झिजवलेस आणि श्रेय देतेस भांड्यांना?"

विनोदच होता तो. ती हसलीसुद्धा.

४

आठ दिवसांनी फोन आला. हिंमतरावांची सून, तेजस्विनी.

"काकू, गानूकाकांना विचारवत नाही, ते काहीतरी खोचक बोलतील. चित्राच्या रंगात तांदूळ असतात का हो?"

"काय असतात?"

"तांदूळ. कुंकू लावलेले. रोज सकाळी चित्राखाली फरशीवर सात-सात पडलेले असतात. आम्ही झाडतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा. मामंजी म्हणतात, उंदीर. पण उंदीर कुंकू लावतो का?"

मंदाकिनी दुपारचं उरकून रिक्षाने कसबा पेठेत गेली. तांब्या-पितळेच्या दुकानामागचा जिना, वर हॉल, आणि हॉलच्या मोठ्या भिंतीवर हिंमतराव. चित्रातले. खरे हिंमतराव खिडकीशी पाठ करून बसले होते आणि कोण आलं हे बघायलाही वळले नाहीत.

ती चित्राजवळ गेली. आधी तिला बरंच वाटलं. आपली कहाणी, आपल्या अक्षता, कुठे का असेना, पोचतायत. मग तिने डावी मूठ नीट पाहिली.

अंगठ्याच्या मुळाशी तव्याचा चटका होता. अर्ध्या चंद्रासारखा, पांढरा. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला गुळाच्या पोळ्या करताना बसलेला. गानू तो कधीच काढत नसत. "साहेबांच्या हाताला बाईचा चटका कशाला?" इथे तो होता. पोरांनाही दिसावा इतका स्पष्ट. काठीवरच्या उजव्या हाताच्या बोटांवर रेषा होत्या, एकात एक गुंफलेल्या, दहा वेळा यंत्रावर न उमटलेल्या.

तिने आपला डावा अंगठा उजेडात धरला. चटका नव्हता.

"काकू, पाणी देऊ का? बसा तुम्ही."

"मूठ पहिल्यापासून अशीच होती का गं?"

"कशी?"

"जरा सैल."

तेजस्विनीने मान हलवली आणि आवाज खाली आणला. "तांदळाचं काही नाही हो एवढं. मामंजींचं बघा ना. त्यांचा फोन त्यांना ओळखत नाही. तोंड बघून उघडतो ना तो फोन, तो उघडतच नाही. यांनी दोनदा चेहरा नव्याने घालून दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तेव्हापासून मामंजी असे खिडकीशी बसतात. चिडतही नाहीत. मामंजी आणि चिडत नाहीत!"

"डॉक्टर?"

"डॉक्टर म्हणाले, वय."

निघताना मंदाकिनी त्यांना नमस्कार करायला गेली. "येते हं, हिंमतराव." ते वळले. मिशी होती. डोळे होते. सगळं होतं. पण धुवून धुवून विटलेल्या परकरावरची वेलबुट्टी जशी असते, आहे म्हणावी तर आहे, तसं होतं. जिना उतरेपर्यंत तिला तो चेहरा आठवेना.

रिक्षात तिने मनाशी सगळं लावून पाहिलं. चटका इतक्या वर्षांनी बुजतो. म्हातारी माणसं उतरतात. तांदूळ कोणी खोडसाळपणे टाकत असेल. पेठेतल्या लोकांना उद्योग काय कमी असतात. प्रत्येक गोष्टीला कारण होतं. सगळी कारणं एकाच रिक्षात बसत नव्हती, एवढंच.

५

संध्याकाळी गानू चक्क स्वयंपाकघरात आले. पस्तीस वर्षांत ते तिथे गुळाचा खडा शोधायलाच तेवढे येत.

"गणपतीनंतर प्रदर्शन आहे. ज्या बाई बसणार होत्या त्या अमेरिकेला गेल्या. भिंतीवर एक जागा रिकामी राहते. उद्या सकाळी बस तू."

"हातांसाठी?"

"हात झालेत कधीच, ते मला पाठ आहेत. साडी पण केली आज, ती हिरव्या काठाची, दांडीवरून बघून. चेहरा राहिलाय. तुझा चेहरा काढतो."

पळी तिच्या हातातून कढईत पडली.

सात वर्षं. सात श्रावण. दोनशेच्या वर कहाण्या. आणि आता मागितलेलं समोर येऊन उभं होतं, तर तिच्या डोळ्यांपुढे खिडकीशी बसलेला माणूस आला.

"अहो, हिंमतरावांचं ऐकलंत का? त्यांचा फोन—"

"त्याचा फोन शहाणा आहे. त्याच्यात ओळखण्यासारखं होतं काय? होतं नव्हतं ते मी काढून घेतलं."

"असं नका ना बोलू."

"बरं. आठ वाजता. आणि ते तांदूळ घेऊन येऊ नकोस, चेहऱ्याला मूठ लागत नाही."

तिने आयुष्यात कशाला नाही म्हटलं नव्हतं. नवऱ्याला नाही म्हणता येईलही एखादवेळी. देवाने दिलेल्याला कसं म्हणायचं? मागून घेतलेलं परत केलं तर तो रागावेल का? आणि नाही केलं तर तनया पुढच्या खेपेला येईल, दार उघडल्यावर आईला ओळखेल का?

६

सकाळी सातला ती अंघोळ करून, साडी नेसून, पिशवीत नारळ घेऊन निघाली. गानू दाढी करत होते.

"कुठे?"

"कसब्याला. आलेच."

"उजेड थांबत नाही कुणाच्या नवसासाठी."

श्रावणाचा शेवटचा दिवस. देवळात फारशी गर्दी नव्हती. तिने नारळ वाढवला, सात दाणे वाहिले आणि हळूच, शेजारणीला ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "गणराया, मिळालं असं समज. मागितलेलं मी सोडते, पण कबूल केलेलं देते. पाच सवाष्णी परवा जेवतील. माझं मला असू दे, आणि त्यांचं त्यांना असू दे." न मिळालेल्या गोष्टीचा नवस फेडलेला तुम्ही कोणी ऐकला आहे का? तिनेही नव्हता ऐकला. पण मोकळं वाटलं. पिशवीतला फोन तीनदा वाजला, तिने घेतला नाही. चौथ्यांदा वाजला नाही.

घरी पोचली तेव्हा साडेदहा झाले होते. कुलूप नव्हतं, कडी नव्हती. स्टुडिओचं दार अर्धं उघडं. बेडरूममधला आरसा काढून खुर्चीवर उभा केलेला. गानू तिच्याकडे पाठ करून, ब्रश धुवत.

"आलीस?" आवाज त्यांचाच, पण उशीत तोंड खुपसून बोलावं तसा. "तासभर वाट बघितली. मग आरशात बघून माझ्यावरूनच काढला. तुझा काय नि माझा काय. पस्तीस वर्षं एका घरात राहिल्यावर फरक राहतो थोडाच? लोकांना काय कळतंय!"

तिने कॅनव्हासकडे पाहिलं.

हिरव्या काठाची साडी तिची. मांडीवरचे हात तिचे, चटक्यासकट. आणि त्यावर चेहरा श्रीधर गानूंचा. डाव्या कोपऱ्यात किंचित उचललेला तो ओठ, जगातल्या प्रत्येक माणसाला पाहून उचलला जाणारा. एवढं चांगलं काम त्यांनी जन्मात केलं नव्हतं. आणि त्या चित्रातले डोळे तिच्याकडे बघत होते. सरळ, निरखून. पस्तीस वर्षांत त्या डोळ्यांनी तिच्याकडे इतकं नीट कधी पाहिलं नव्हतं.

"कसं झालंय?" पाठमोरे गानू म्हणाले. "चष्म्याचं काय झालंय कोण जाणे. सकाळपासून सारखा घसरतोय."

आरशाचा एक कोपरा तिला दिसत होता. त्यात त्यांचा कान होता. चष्म्याची काडी कानावर होती. काच खाली घसरत गेली, खाली, खाली, जिथे नाकाने तिला अडवायला हवं होतं त्याच्याही खाली, आणि त्यांनी बोटाने ती पुन्हा वर ढकलली. ती पुन्हा घसरली.

तिने मान खाली घातली. सकाळपासून पोटात अन्न नव्हतं. डोळ्यांत मोतीबिंदू होता. आरसा जुना होता, पारा उडालेला.

७

मग तिने मान वर केली. कारण तिच्या मनात आलं, आता मीही नाही बघितलं तर कोण बघणार?

ती पुढे गेली. "अहो, वळा."

"काय आहे?"

"वळा म्हणते ना."

ते वळले. तेव्हा काय दिसलं, ते ती कुणाला सांगत नाही, आणि मीही विचारलेलं नाही. तिने फक्त आपला गुळगुळीत तळवा उचलला आणि वरपासून सुरुवात केली.

"हे कपाळ. इथे आठी असते, तीन आठ्या, मधली तुटकी. ह्या भुवया, उजवीत एक पांढरा केस. हे नाक. सासूबाईंचं नाक, शेंड्याला वाकलेलं." जिथे ती म्हणत गेली तिथे बोटांखाली काहीतरी हलत, जमत, वर येत गेलं, तव्यावरच्या पोळीसारखं. शेवटी ती ओठांपाशी आली. डावा कोपरा तिने अंगठ्याने किंचित वर केला.

"हे काय चाळे चाललेत, मूर्ख बाई?" गानू म्हणाले.

आवाज स्वच्छ होता. तो तिरस्कार ऐकून मंदाकिनीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. उभ्या आयुष्यात तिला याहून गोड काही ऐकायला मिळालं नव्हतं. तिने देवळातून आणलेल्या अक्षता त्यांच्या कपाळाला लावल्या. चष्मा नाकावर बसला.

त्याला दोन वर्षं झाली. प्रदर्शनाला ते चित्र गेलं नाही. ते भिंतीकडे तोंड करून आहे. गानू ब्रश धरत नाहीत, बोटं थरथरतात म्हणतात. रोज सकाळी आठ वाजता ते खिडकीशी बसतात आणि ती त्यांचा चेहरा त्यांना सांगते. "चुकलीस, आठ्या चार आहेत," असं ते कुरकुरतात, पण बसतात. आणि कधीकधी, तिचं सांगून झालं की, तिच्या हाताचा पंजा धरून म्हणतात, "आता तुझं. थांब, हलू नकोस. हनुवटीवर तीळ आहे की काय? हा कधी आला?" जन्मापासूनचा तीळ तो. दिवे लागायच्या सुमाराला चष्मा पुन्हा जरा घसरायला लागतो. पण सकाळ होतेच ना.

हिंमतरावांकडे तिने तेजस्विनीला हेच करायला सांगितलं होतं. ती म्हणाली, "काकू, खरं सांगू? आम्ही कोणी त्यांच्याकडे कधी नीट पाहिलेलंच नाही. काय सांगायचं त्यांना?"

म्हणून बायांनो, कहाणी संपली तरी मूठ लगेच उघडू नका. तिने जे केलं ते तुम्हीही करा, माझं एवढं मागणं आहे. आपापल्या घरी ज्यांच्याकडे बघायचं राहून गेलंय, त्यांच्यासमोर उद्या सकाळी बसा आणि कपाळापासून सुरुवात करा. पण आत्ता आधी शेजारी बसलेल्या बाईकडे बघा. पूर्ण बघा. तिच्या तोंडावर काय काय आहे ते एकेक म्हणा, मोठ्याने. मग अक्षता वाहा. आणि मूठ उघडताना दाणे मोजायला विसरू नका. सातच्या सात आहेत ना?